सात नंबरच्या बसचा अभ्यास

एकावन्नाव्या वर्षी डोरीन वासिलिक पुन्हा विद्यार्थिनी झाली, आणि याला कारणीभूत होता तिच्याच हाताखाली तयार झालेला एक मास्तर.

वेस्टविक गावच्या शाळेत ती सव्वीस वर्षं सहावीला शिकवत होती. त्या हिवाळ्यात तिथल्या मुख्याध्यापकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा शिक्षण मंडळानं डोरीनला पाच महिने प्रभारी म्हणून खुर्चीत बसवलं. त्या पाच महिन्यांत शाळेचा बॉयलर दोनदा बंद पडला, एक शिक्षिका बाळंतपणाला गेली, आणि एका हिमवादळात रस्ते बंद झाल्यामुळे साठ मुलं शाळेतच अडकली. डोरीननं चर्चच्या हॉलमधून बटाट्याचं सारण भरलेले गोठवलेले पिरोगी मागवले, ते उकडून साठ जणांना वाढले आणि दुसऱ्या दिवशी एकेक पोर त्याच्या घरी पोचवलं. मग त्या जागेची जाहिरात आली. डोरीननं अर्ज केला. निवड झाली गार्थ पेनरची, वय वर्षं छत्तीस. अकरा वर्षांपूर्वी हाच गार्थ तिच्या वर्गात शिकवण्याचा सराव करायला आला होता आणि पहिल्याच दिवशी सहावीच्या पोरांनी त्याला रडकुंडीला आणलं होतं. पण गार्थकडे शैक्षणिक नेतृत्वाची पदव्युत्तर पदवी होती. डोरीनकडे नव्हती.

मंडळाच्या अधीक्षक मिसेस हॅलोरन तिला म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल शंकाच नाही, डोरीन. पण कागदावर काहीतरी लागतं ना."

"साठ पोरांच्या आयांनी सह्या केलेलं कार्ड आहे माझ्याकडे," डोरीन म्हणाली. "तोही कागदच आहे."

मिसेस हॅलोरन हसल्या. डोरीन हसली नाही. पुढच्या आठवड्यात तिनं विनिपेगच्या एका विद्यापीठात नाव घातलं. अडीच वर्षांचा अभ्यासक्रम, शनिवारी सकाळी संगणकावर वर्ग, जुलैत दोन आठवडे प्रत्यक्ष हजेरी. माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'नोकरी सांभाळून शिका.' सोबतच्या फोटोतली बाई एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून खिडकीबाहेर बघत होती.

"हिला नोकरी नसणार," डोरीनचा नवरा लॉर्न तो फोटो न्याहाळत म्हणाला. लॉर्न गावच्या बर्फाच्या रिंकवर काम करायचा, म्हणजे हॉकीच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात मोठी गाडी फिरवून बर्फ गुळगुळीत करायचा. एका कामाला लागतो तेवढाच वेळ लागतो, अशी त्याची समजूत होती. त्यामुळे डोरीनचा अभ्यास त्याला शेवटपर्यंत कळला नाही.

पहिल्या वर्षी डोरीनला एकाच गोष्टीनं बेजार केलं. या विद्यापीठात कशावरही नुसतं उत्तर चालत नसे, त्यावर चिंतन लिहावं लागे. धडा वाचला की चिंतन, चर्चा झाली की चिंतन, आणि वर्षाअखेरीस सगळ्या चिंतनांवर मिळून एक चिंतन. पहिल्या तीन विषयांत तिनं एकेचाळीस चिंतनं लिहिली. एकदा जेवताना लॉर्ननं विचारलं, "कोबीचे रोल आज जरा खारट झालेत का गं?" तर ती म्हणाली, "थांब, आधी या अनुभवानं मला काय शिकवलं ते लिहून काढते." लॉर्न घास तोंडात तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"चेष्टा केली रे," ती म्हणाली. पण ती पुरती चेष्टा नव्हती.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष नेतृत्वाचे दोनशे चाळीस तास भरायचे होते, आणि तेही एका मुख्याध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली. वेस्टविकमध्ये मुख्याध्यापक एकच. गार्थनं तिला खुर्चीत बसवलं, दार लावलं आणि गंभीरपणे म्हणाला, "डोरीन, मी तुम्हाला खऱ्या जबाबदाऱ्या देणार आहे."

त्या जबाबदाऱ्या अशा होत्या. सकाळी उणे तीस अंशांत पार्किंगमध्ये उभं राहून आईबापांच्या गाड्यांना हात करणे. हरवलेल्या हातमोज्यांची पेटी लावणे. जिममधल्या घडीच्या खुर्च्या मोजणे. खुर्च्या दोनशे बारा भरल्या, त्यातल्या नऊ मोडक्या. हे सगळं 'साधनसंपत्तीचं व्यवस्थापन' या सदरात नोंदवावं लागलं आणि प्रत्येकावर चिंतनही लिहावं लागलं.

शेवटी प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली. गार्थनं स्वतःच सुचवलं, "हजेरीचा विषय घ्या ना. आपल्याकडे रुळांपलीकडची मुलं फार गैरहजर असतात. आईबाप बेफिकीर आहेत, दुसरं काय. त्यांना शिस्त कशी लावायची, यावर काहीतरी लिहा."

डोरीन विचार करत बसली. रुळांपलीकडे शेतं होती आणि चाकांवरून आणून ठेवलेल्या घरांची एक वस्ती होती. तिथले बरेचसे लोक मेटी आणि क्री, म्हणजे या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी होते. तिच्या वर्गातली शेल्बी लावाली तिथलीच. शेल्बी एक दिवस घरी राहिली असेल तर डोरीनला ते आठवत नव्हतं, पण संगणकावर तिच्या नावापुढे गैरहजेरीचे सत्तावीस शिक्के होते. डोरीननं शाळेच्या सेक्रेटरीला, बर्निसला, सगळ्या याद्या काढून द्यायला सांगितल्या. बर्निसची या शाळेत तीस वर्षं झाली होती, आणि शाळा खरं म्हणजे तीच चालवायची. तिनं याद्या दिल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाली, "बसच्या नंबराप्रमाणे लावून बघ."

"का?"

"बघ तर खरं."

डोरीननं लावून बघितल्या. सारखी गैरहजर लागणारी एकोणीस मुलं होती आणि एकोणिसांच्या एकोणीस सात नंबरच्या बसची. शिक्के सगळे पहिल्या तासाचेच. दुसऱ्या तासाला ही सगळी मुलं हजर.

जानेवारीतल्या एका मंगळवारी तिनं पार्किंगमधलं हात करण्याचं काम आणि आपला पहिला तास दुसऱ्या शिक्षकावर सोपवला आणि पावणेआठला सात नंबरच्या बसमध्ये चढून बसली. बस चालवायचा स्टॅन कोझाक, अडुसष्ट वर्षांचा. आधी दूध गोळा करायची गाडी चालवायचा आणि आता पोरं गोळा करायचा.

"चिंतन करायला आलात का, बाई?" स्टॅननं विचारलं. गाव लहान होतं, सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं.

बस वेळेवर निघाली, वेळेवर प्रत्येक फाट्यावर थांबली, आणि आठ अठ्ठेचाळीसला रेल्वेच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. समोरून धान्याची मालगाडी सावकाश चालली होती. मागच्या सीटवर पोरं डबे मोजत होती. शंभर झाले, एकशे वीस झाले, एकशे चाळीस झाले.

"एकशे साठच्या वर गेले की गणित बुडतं, बाई," शेल्बी तिला समजावून सांगायला लागली. "दीडशेच्या आत असले तर अर्धंच बुडतं."

त्या दिवशी एकशे अडुसष्ट डबे होते.

स्टॅननं सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मालगाडीची वेळ बदलली होती. आधी ती आठ वीसला निघून जायची, आता नेमकी बसच्या वेळेला येते. "तेव्हापासून सांगतोय मी. मंडळाच्या वाहतूक खात्यात गेलो, तर म्हणाले फॉर्म भरा. भरला. मग म्हणाले, हा फॉर्म इंजिन बिघडण्याचा आहे. मी म्हटलं, इंजिन ठणठणीत आहे, आगगाडीच आडवी येते. तर म्हणाले, आगगाडीसाठी आमच्याकडे फॉर्म नाही."

बस शाळेत पोचली नऊ वाजून तेरा मिनिटांनी. हजेरी नऊ पाचला बंद व्हायची. मग एकोणीस पोरांनी कोट-बुटांसकट बर्निसच्या टेबलासमोर रांग लावली आणि एकेकानं उशिराची चिठ्ठी घेतली. शेवटचं पोर वर्गात गेलं तेव्हा साडेनऊ होत होते. तोवर संगणकानं आपणहून त्यांच्या घरी फोन लावून टाकले होते, की तुमचं मूल आज शाळेत आलेलं नाही. असे दहा फोन झाले की घरी पत्र जायचं. वीस झाले की दुसरं पत्र. त्या दुसऱ्या पत्रात बालकल्याण विभागाला कळवावं लागेल, असं एक वाक्य छापलेलं होतं.

डोरीनला इतका संताप आला की तिनं हातमोजे काढून टेबलावर आपटले. "बर्निस, तुला हे माहीत होतं?"

"मागच्या मुख्याध्यापकांना सांगितलं, तर त्यांचं हृदय बिघडलं. गार्थला सांगितलं, तर तो म्हणाला लेखी द्या. लेखी दिलं. ते त्याच्या ट्रेमध्ये आहे."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठे मोकळी असतेस? खुर्चीत होतीस तेव्हा बॉयलर होता, आता अभ्यास आहे," बर्निस म्हणाली. डोरीनला हे लागलं, आणि बराच काळ लागून राहिलं. तिच्या स्वतःच्या वर्गात यातली चार मुलं होती आणि सप्टेंबरपासून ती त्यांना 'उद्या लवकर या हं' असंच सांगत आली होती.

दुसऱ्याच दिवसापासून दोघींनी कुणालाही न विचारता एक साधी गोष्ट सुरू केली. स्टॅननं बसमधल्या पोरांची यादी बर्निसच्या हातात द्यायची, बर्निसनं सगळ्यांना हजर लावायचं, पोरांनी रांगेत न थांबता सरळ वर्गात जायचं. फोन थांबले. गणिताची निदान पंधरावीस मिनिटं वाचली. बस पंधरा मिनिटं लवकर सोडली की उरलेलंही वाचलं असतं, पण वाहतूक खात्याच्या माणसानं फोनवर सांगितलं की मार्गांचा विचार फक्त जूनमध्ये होतो.

डोरीननं दोन आठवडे रोज बसमधून प्रवास करून मालगाडीच्या वेळा वहीत टिपल्या आणि प्रकल्पाचा आराखडा विद्यापीठात पाठवला. तिच्या मार्गदर्शक डॉ. प्रिचर्ड फार मृदू बोलायच्या. शनिवारच्या वर्गानंतर त्यांनी तिला पडद्यावर एकटीला थांबवून घेतलं.

"डोरीन, हे विलक्षण आहे. फक्त एक बारीकशी अडचण आहे. तुम्ही संशोधन नीती समितीची परवानगी घेतलीत का?"

"कशाची परवानगी?"

"बसमध्ये बसायची."

डोरीननं आपल्याला नीट ऐकू आलं की नाही म्हणून संगणकाचा आवाज वाढवला. डॉ. प्रिचर्ड पुन्हा तेच म्हणाल्या. बसमध्ये अल्पवयीन मुलं होती, त्यांचं निरीक्षण झालं, म्हणजे ते मानवी सहभागींवरचं संशोधन झालं.

"मी त्यांची बाई आहे. सव्वीस वर्षं त्यांचं निरीक्षणच करतेय."

"हो, पण तेव्हा तुम्ही संशोधक नव्हतात."

फॉर्म एकोणीस पानांचा होता. 'संशोधिकेच्या उपस्थितीमुळे सहभागींच्या वर्तनावर काय परिणाम झाला?' डोरीननं लिहिलं, 'पोरं जरा कमी ओरडली.' 'संभाव्य धोके कोणते?' तिनं लिहिलं, 'गणित.' डॉ. प्रिचर्डनी ते मृदूपणे परत पाठवलं. तिनं पुन्हा नीट भरून दिलं. मग रेल्वे कंपनीची संमती आहे का, असं विचारणारं पत्र आलं. तिनं उत्तर पाठवलं की मालगाडी उघड्यावर चालते, ती सगळ्या गावाला दिसते. सहा आठवडे असेच गेले. शेवटी निकाल आला. परवानगीआधी गोळा केलेली माहिती प्रकल्पात वापरता येणार नाही. ती नष्ट करावी आणि नष्ट केल्याचं लेखी कळवावं. विद्यार्थिनीनं नवीन विषय निवडावा.

डोरीननं ते पत्र लॉर्नला वाचून दाखवलं. "म्हणजे मालगाडी आलीच नव्हती, असं म्हणायचंय का त्यांना?" लॉर्ननं विचारलं.

"आली होती. पण परवानगी न घेता आली."

"सोडून दे," तो म्हणाला. "पदवी सोड म्हणतोय मी. तुझा चेहरा बघवत नाही."

ती दोन दिवस खरंच त्या विचारात होती. नाव काढून घ्यायचा फॉर्मही तिनं उघडला, आणि त्याला जोडायचं चिंतन बघून बंद केला.

तिसऱ्या दिवशी शेल्बीची आई शाळेत आली. रॉक्सॅन लावाली वृद्धाश्रमात काम करायची, कामाच्या कपड्यांतच आली होती. तिच्या हातात ते दुसरं पत्र होतं. फोन थांबले होते तरी आधीचे शिक्के मोजून संगणकानं उशिरा का होईना ते धाडलंच होतं. गार्थनं तिला ऑफिसात बसवलं, आणि वर्गशिक्षिका म्हणून डोरीनलाही बोलावून घेतलं.

"हे नुसतं ठरलेल्या साच्यातलं पत्र आहे, मिसेस लावाली," गार्थ म्हणाला. "एवढं मनाला लावून घेऊ नका."

रॉक्सॅन शांतपणे म्हणाली, "माझ्या आईला लहानपणी बालकल्याणवाल्यांनी घरातून उचलून नेलं होतं. तेव्हाही साच्यातलंच पत्र आलं होतं."

गार्थनं टेबलावरचे कागद सारखे केले.

"रोज फोन यायचा, पोरगी शाळेत नाही म्हणून. ती म्हणायची, मी गेले होते, मालगाडी आली होती. मी तिला खोटारडी म्हणाले. हिवाळाभर म्हणत होते." ती डोरीनकडे वळली. "ती खरं बोलत होती का, बाई?"

"अक्षर न् अक्षर," डोरीन म्हणाली. मग गार्थकडे बघून बोलली, "अरे गार्थ, तुझ्या त्या ट्रेमध्ये बर्निसचं पत्र आहे. मागच्या ऑक्टोबरचं. ते काढ आणि यांच्यासमोर वाच."

गार्थनं खरोखरच ट्रे धुंडाळला. पत्र तळाशी सापडलं. वाचता वाचता त्याच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली, आणि सरावाच्या पहिल्या दिवशी पोरांनी त्याला रडवलं होतं तेव्हाचा त्याचा चेहरा डोरीनला आठवला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला कागद वाचायला वेळ नव्हता, कारण तो कागद तयार करण्यात बुडालेला असायचा. डोरीनला त्याची कीव आली, पण राग काही कमी झाला नाही.

मार्चमध्ये मंडळाच्या विश्वस्तांची जाहीर सभा होती. रॉक्सॅननं बोलायला नाव दिलं. डोरीननं विद्यापीठाच्या हुकुमाप्रमाणे आपली वही फाडून कळवलंही होतं, त्यामुळे तिच्याकडे पुरावा काही उरला नव्हता. ती चिंता तिनं स्टॅनपाशी बोलून दाखवली, तर तो तिच्याकडे कीव आल्यासारखा बघायला लागला.

"बाई, बस कुठे किती वाजता थांबली, ते आम्हा ड्रायव्हरांना रोज लिहावंच लागतं. दोन वर्षांच्या नोंदी वाहतूक खात्याच्या कपाटात पडल्यात. कुणी उघडल्या नाहीत, एवढंच."

सभेत रॉक्सॅन चार मिनिटं बोलली. स्टॅन टोपी हातात धरून उभा राहिला आणि त्यानं एकाच महिन्याच्या वेळा वाचून दाखवल्या, एकेक करून, अजिबात न थांबता. तो सोळाव्या दिवसापर्यंत आला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, पुरे. बसची वेळ वसंताच्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटं अलीकडे आणायचं तिथेच ठरलं. जूनपर्यंत थांबायची गरज कुणालाच वाटली नाही. एका विश्वस्तानं विचारलं, हे शोधून कुणी काढलं? गार्थ उभा राहून म्हणाला, "आमच्या शाळेच्या चमूनं." मागच्या ओळीत बर्निसनं डोरीनच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली दाबून धरलं.

जूनमध्ये गार्थला बढती मिळाली. मंडळाच्या ऑफिसात हजेरी-सुधारणा अधिकारी म्हणून.

डोरीननं नवीन विषय घेतला, 'शिक्षकसभांविषयी शिक्षकांची मतं.' याला परवानगी चार दिवसांत आली. चौदा शिक्षकांनी प्रश्नावली भरली. निष्कर्ष असा निघाला की सभा फार लांबतात. त्यावर तिनं साठ पानं लिहिली, आणि तिला सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. डॉ. प्रिचर्डनी शेरा लिहिला, 'प्रगल्भ काम.' डोरीननं तो शेरा वाचला आणि संगणक बंद करून अंगणातलं बर्फ उपसायला गेली, आपलं झाल्यावर शेजाऱ्यांचंही उपसून आली.

गार्थच्या जागी ती पुन्हा प्रभारी झाली होती, आणि पदवी हातात पडल्यावर मंडळानं तिला कायम केलं. मुलाखतीत मिसेस हॅलोरननी विचारलं, "या अभ्यासक्रमातून तुम्हाला सगळ्यात उपयोगी काय मिळालं?" डोरीननं जरा विचार केला. "हजेरीच्या याद्या मागायचं निमित्त," ती म्हणाली. मिसेस हॅलोरननी ते लिहून घेतलं.

पण त्याआधीच, प्रभारी म्हणून खुर्चीत बसल्याबसल्या, तिनं पहिल्यांदा ते दुसरं पत्र बंद केलं. कुणीतरी माणसानं घरी फोन करून बोलल्याशिवाय यापुढे पत्र जाणार नाही, असा नियम केला. मग त्या एकोणीस मुलांचे शिक्के पुसायला सांगितले, तर संगणकवाल्यांनी कळवलं की जुन्या वर्षाच्या नोंदी बदलता येत नाहीत. तिनं घराघरांत पाठवायला माफीचं पत्र लिहिलं, तर मंडळाच्या वकिलानं 'माफी' हा शब्द काढून 'गैरसोयीबद्दल जाणीव' असं घातलं. डोरीननं ते परत आलेलं पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि बर्निसला म्हणाली, "गाडी काढ. आपण जाऊ या."

सप्टेंबरातला शनिवार होता, गव्हाची कापणी चालली होती. एकोणीस मुलांची मिळून बारा घरं होती. तिसरं घर लावालींचं. रॉक्सॅननं दार उघडलं, दोघींना आत घेतलं, चहा ठेवला. डोरीननं जे सांगायचं ते सांगितलं, की चूक शाळेची होती, दोन वर्षं होती, आणि त्यातली काही तिची स्वतःचीही होती.

रॉक्सॅननं सगळं ऐकून घेतलं. "मला नका सांगू," ती म्हणाली. "जिला उशिराची चिठ्ठी घ्यावी लागायची, तिला सांगा." तिनं आतल्या खोलीकडे हाक मारली.

शेल्बी बाहेर आली. आता ती सातवीत होती, वर्षभरात चांगलीच उंच झाली होती. डोरीननं तेच सगळं तिला पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा हे अवघड गेलं. शेल्बी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"गणित मला अजूनही येत नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. सोमवारपासून दुपारच्या सुट्टीत माझ्या ऑफिसात ये. आपण मागचं सगळं भरून काढू."

"रोज?"

"रोज."

शेल्बीनं आईकडे बघितलं. आईनं चहाचे कप पुढे केले. "बरं," शेल्बी नाखुशीनं म्हणाली, आणि तिच्या त्या आवाजावरून ती येणार हे डोरीनला कळलं. बर्निस घड्याळाकडे बघत होती. अजून नऊ घरं उरली होती.